भंडारा दोघांनी उचलला होता

थंडीत अंगावर घोंगडं ओढलं, की ती केस माझ्यापुढं येऊन बसते. आठवायला वेगळं काही करावं लागत नाही. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, पण त्या धनगराच्या बाईसारखं माणूस पुन्हा भेटलं नाही. नाव तिचं सांगणार नाही, गावाचंही नाही. येरमाळ्याच्या अलीकडचं एक गाव एवढं पुरे.

मराठवाडा महाराष्ट्रात आला, त्यानंतरची ही गोष्ट. कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. निजामाचं राज्य जाऊन वर्षं लोटली तरी म्हातारी माणसं फौजदाराला 'अमीनसाब' म्हणायची. मी पुढं फौजदार होऊन निवृत्त झाले, पण तेव्हा साधी शिपाई होते. बायकांची चौकशी, बायकांची झडती असली की मला पाठवायचे. बाई पोलीस म्हणजे तमाशाच वाटायचा लोकांना. बाजारच्या दिवशी बायका ठाण्याच्या दारातून डोकावून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

तशीच एक कासारीण यायची. बांगड्यांची दुरडी ठाण्याच्या ओट्यावर टेकवायची, पाणी मागायची आणि चार गावच्या गोष्टी सांगून जायची. मी तिला कधी घाई केली नाही. कासारीण घराच्या आतपर्यंत जाते आणि बाईचा हात हातात घेते. असा खबऱ्या सरकारला पगार देऊनही मिळायचा नाही.

एकदा ती म्हणाली, "बाई, एका घरी बांगड्या भराया गेले. तिनं डावा हात फुडं केला. भरल्या. म्हणलं, आन दुसरा? तर पदर सारला तिनं. कोपरापासून खाली हातच न्हाय!"

"कशानं गेला?"

"मोटारीनं, म्हणत्यात. कुणाच्या ते इचारलं तर सगळ्या आळीचं तोंड शिवल्यावानी."

आमच्याकडं तर कसलीच नोंद नव्हती. मी फौजदारसाहेबांना सांगितलं. साहेब तापट, पण कामाला चोख. रोजनाम्यात खबर घेतली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गावात.

बाई अंगणात लोकर निवडत बसली होती. डाव्या हातानं ओढायची आणि पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायची. नवरा मागावर होता. तिनं सूत काढायचं आणि त्यानं घोंगडं विणायचं, असा त्यांचा संसार. आता माग अर्धा वेळ रिकामा.

मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "भाकर खावा, ताक घ्या, माझ्या अंगणात दिवसभर बसा. पण नाव इचारू नका. बिरोबाचा भंडारा उचललाय म्या." म्हणजे धनगरांच्या देवाची हळद हातात घेऊन शपथ केली होती तिनं.

साहेब कडाडले, "अगं, हात तुझा गेला! कोर्टात भरपाई मिळंल तुला. पण गाडी कोणाची तेच कळलं नाही, तर दावा लावायचा कुणावर?"

"न्हाय मिळाली तरी चालंल साहेब. हात गेला, आता जीभ बी घालवू व्हय?"

साहेबांनी उघडलेली वही मिटली. 

गावातही तेच. कोणी काही बोलेना. पण माणूस एक गोष्ट लपवतो आणि तिच्या शेजारची लपवायची विसरतो. मी एका म्हाताऱ्याला सहज विचारलं, "बाबा, बाजाराला शेळ्या कशा नेता?"

"पायी. दमत्यात बिचाऱ्या."

"आधीपासून पायीच?"

म्हातारा चिलीम झाडायला लागला. झाडून झाली तरी झाडतच राहिला. मला कळायचं ते कळलं. बाजारात विचारल्यावर समजलं, की आधी दर बाजारी एक मालट्रक येऊन शेळ्या भरून न्यायचा. तो आता या रस्त्याला फिरकत नव्हता, लांबच्या वाटेनं जात होता. तो ट्रक कोणाचा, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

मालकाला ठाण्यावर बोलावलं. गाडी तो स्वतःच चालवायचा. धिप्पाड, गोडबोल्या, खिशात अत्तराचा फाया. "अमीनसाब, त्या दिवशी माझी गाडी बार्शीला. धा माणसं उभी करतो." आणि केली असती हो त्यानं. साहेबांनी उलटसुलट विचारलं, दुपारपर्यंत बसवलं, पण एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. दवाखान्यात चौकशी केली, तर तिथं 'मोटेवरून पडून हात चेंगरला' असं सांगितलेलं. बाई तेव्हा बेशुद्ध होती. तिला घेऊन आलेल्या माणसानं तसं सांगितलं आणि निघून गेला.

साहेबांनी टोपी टेबलावर टाकली. "जाऊ द्या. फिर्यादीच बोलत नाही, तर आपण काय करणार?"

मला मात्र राहवेना. मी पुन्हा एकटीच तिच्याकडं गेले. लोकर निवडू लागले आणि विचारलं, "ताई, तुमची शपथ मी विचारत नाही. पण देवळात समोरच्यानंही काही कबूल केलं असंल की?"

तिनं हातातली लोकर खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यानं बी उचलला भंडारा. मी त्याचं नाव घ्यायचं न्हाय, आन मी जगंल तवर माझ्या घरचं त्यानं बघायचं. पंच होते, त्यांनी बी तोंड बंद ठिवायचं कबूल केलं."

"मग? बघतो?"

"सुगीपतोर जवारी आली. मग थांबली."

"म्हणजे त्यानं मोडली. मग तुम्ही कशाला धरून बसलात?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मीच शाळेतली पोर झाले. "त्याची त्यानं बघावी बाई. माझी मी बघती."

परत येताना रस्ताभर मी ते वाक्य घोळवत होते. आणि मग उमगलं, की चूक मालकानं करून ठेवली होती. बाईचं तोंड बंद करायला तो देवळात गेला, पण आमच्याकडं भंडारा एकटा कोणी उचलत नाही. दोन्ही बाजूंनी उचलावा लागतो. तिला बांधताना तो स्वतःही बांधला गेला होता.

साहेबांना सांगितलं. ते आधी हसले. "देवळात गुन्हा उघडकीला आणायचा? वर काय कळवू?" पण टोपी घातली त्यांनी.

बिरोबाच्या देवळापुढं पंच बसले, बाई आणि तिचा नवरा आले, मालकालाही आणलं. साहेब लांब लिंबाखाली उभे राहिले. धाकानं बोलवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून. मी पुजाऱ्याला भंडाऱ्याची ताटली मधे ठेवायला सांगितली आणि मालकाला म्हणाले, "दादा, तुमचं म्हणणं खरं असंल तर सोपं आहे. या बाईला मी ओळखत नाही, तिचं माझं काही देणंघेणं नाही, असं म्हणा आणि भंडारा उचला. तुम्ही मोकळे, आम्हीही मोकळे."

ठाण्यावर दहा साक्षीदार उभे करणारा तो माणूस. हात पुढं केला त्यानं. ताटलीपर्यंत आला हात आणि थांबला. परत मागं घेऊन त्यानं तो धोतरालाच पुसला, पिवळा न होताच. 

एक म्हातारा पंच म्हणाला, "काय रं, लेकराबाळांचा इचार आला व्हय आता? जवारी थांबवताना न्हाय आला?"

पंचांनी निवाडा दिला, की ज्यानं आधी मोडली त्यानं दुसऱ्याला सोडवलं. सगळ्यांनी बाईकडं बघितलं. ती तरीही बोलेना! मालकाकडं बघत म्हणाली, "पंचांनी सोडवून भागत न्हाय. तुमी सोडा."

तो मान खाली घालून म्हणाला, "सांग बाई. केली मोकळी तुला."

तेव्हा तिनं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, खणखणीत. लोकरीचं ओझं घेऊन ती रस्त्याच्या कडेनं चालली होती. ट्रक भरधाव कडेला आला, धक्क्यानं ती पडली आणि हात चाकाखाली गेला. साहेबांनी तिथंच जबाब घेतला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पंचांचेही जबाब घेतले. तेही आता मोकळे झाले होते.

पुढचं वाचकांनी नीट वाचावं, कारण आजही लोकांना हे माहीत नसतं. बेदरकार गाडी चालवून जबर दुखापत केल्याचा खटला वेगळा. त्यात मालकाला शिक्षा झाली, पण शिक्षेनं बाईच्या चुलीवर काही शिजत नाही. भरपाईचा दावा वेगळा लावावा लागतो आणि गाडीचा विमा असला तर विमावाला पैसे भरतो. मुदत टळली होती, पण धाराशिवच्या एका जुन्या वकिलांनी उशिराचं कारण कोर्टाला पटवलं.

त्या वकिलांकडं तिला मीच घेऊन गेले. ते समजावून सांगायचे. दवाखान्याचा, औषधाचा, गाडीभाड्याचा खर्च मागता येतो. बरं होईपर्यंत बुडालेली कमाई मागता येते. कायमचं अपंगत्व आलं तर पुढं जन्मभर जी कमाई होणार नाही, तीही. सोसलेल्या वेदनेची भरपाई वेगळी, रूप बिघडलं त्याची वेगळी. माणूसच गेलं तर घरचे मागू शकतात. कामावर असताना इजा झाली तर मालकावर दावा लावायचा कायदा आणखी निराळा.

बाई ऐकून म्हणाली, "दुखल्याचं बी मोजमाप असतंय व्हय, साहेब?"

"मोजता येत नाही, पण मागता येतं."

"मग एक इचारते. हात कापला तव्हा दुखला, ते कळलं. पण आता जो न्हायच, त्याची बोटं दुखत्यात थंडीत. ते कशात धरायचं?"

वकिलांनी चष्मा काढला. "वेदनेतच धरू, बाई. ते तर आधी धरू."

कमाईचं लिहिताना त्यांनी जरा सढळ हातानं लिहिलं, तर तिनं अडवलं. "एवढं सूत माझ्या हातनं कधीच निघालं न्हाय. जेवढं निघायचं तेवढंच लिवा." वकील माझ्याकडं बघून हसले. असा पक्षकार त्यांनाही पहिलाच.

दावा मंजूर झाला. दुसऱ्या बाईच्या हातचं सूत विकत घेता येईल, मेंढरं पाळता येतील, इतपत मिळालं. माग पुन्हा दिवसभर चालू लागला. त्या मागावरचं घोंगडं मी विकत घेतलं. ती फुकट देत होती, मी घेतलं नाही. तेवढा एकच वाद मी तिच्याशी जिंकले.

त्या केसनं मला शिकवलं, की गप्प राहणारं माणूस खोटंच असतं असं नाही. कधी कधी सगळ्या गावात तेच एक खरं असतं. साक्षीदार बोलत नसला, तर त्यानं कुणाला काय शब्द दिला ते विचारू नये. त्याला कुणी काय शब्द दिला होता, ते विचारावं. पुढं नोकरीभर मी तसंच विचारत आले.

निकालानंतरच्या बाजारी कासारीण आली. दुरडी टेकवून आधी पोटभर हसून घेतलं तिनं.

"बाई, गेले की तिच्याकडं. म्हणलं, एका हाताच्याच घेणार न्हवं नेहमीवानी? तर पदर कधीच मागं टाकलेला तिनं, डावा हात फुडं करून म्हणती कशी, दोन्ही हाताच्या काढ. भर ह्या एकातच."

"मग?"

"मग काय, भरल्या. कोपरापतोर!"