सासऱ्यांनी चमकवलेली पिन

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यात ‘तोफ’ म्हणतात. तोंडावर नाही, एवढी हिंमत कोणाची? मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे, त्यामुळे तोफ घरीही ऐकते आणि कामावरही.

त्या विक्री खात्यात. ट्रकचे गिअर, शाफ्ट, पिना विकण्यात उमेदीची वर्षं गेली. मग ट्रकवाल्यांच्या ऑर्डरी आटू लागल्या आणि मालकांनी सांगून टाकलं, नवं काम मिळालं नाही तर मागची शेड बंद. त्या शेडमध्ये सासरे पॉलिशला आणि माझा नवरा लेथवर. आम्ही सगळे तोंड पाडून बसलो. तोफ मात्र विमानवाल्यांच्या आणि संरक्षण खात्याच्या दारात जाऊन बसली. "ट्रकचे भाग करणारे तुम्ही, विमानाचं तुम्हाला काय जमणार?" हे ऐकून घेत त्यांनी हेलपाटे घातले, आणि विमानाच्या चाकाच्या जोडणीत बसणाऱ्या पिनेचा नमुना बघायला एका विमान कंपनीची माणसं येणार, हे ठरवूनच परत आल्या.

पाहुणे यायच्या आधी नमुना आमच्याकडच्या सगळ्या चाचण्यांत पास झाला. दिसायला मात्र राखाडी, कळकट. त्या पिनेवर बारीक छऱ्यांचा मारा करून वरचा थर घट्ट केलेला असतो. ती तशीच दिसते, आणि तशीच राहायला हवी; घासली की तो थर झिजतो.

हे सासऱ्यांना कोणी सांगितलंच नाही. त्यांचा जन्म चकाकीत गेलेला. ट्रकवालं गिऱ्हाईक आधी चमक बघतं, मग माप. सुनेच्या पाहुण्यांपुढे असली कळकट वस्तू ठेवायची? सकाळी लवकर येऊन त्यांनी ती पॉलिशच्या चाकावर धरली, आरशासारखी केली आणि कौतुकाने टेबलावर ठेवली. "बघ सूनबाई, तोंड दिसतंय की नाही!"

जाऊबाईंचं तोंड दिसत होतं खरं. पांढरंफटक.

पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली होती. मॅनेजर पुटपुटले, "पुन्हा छर्रे मारू, होईल कळकट. तोवर त्यांना चहा पाजू." मला तर ते पटलंसुद्धा. थर पातळ झाला असेल, पण डोळ्यांना थोडाच दिसतोय?

"साहेब," जाऊबाई म्हणाल्या, "ही पिन वर आकाशात तुटली तर तिथे कोणाला चहा पाजणार?"

विमान कंपनीच्या तपासनीस बाई आत आल्या तशा जाऊबाईंनी सांगून टाकलं, "तुमचा नमुना बाद आहे. चाचणीनंतर आमच्याकडून त्याला पॉलिश झालंय."

"कोणी केलं?"

तोफ हातातले कागद चाळू लागली. तेवढ्यात हात पुसत सासरेच पुढे आले. "मी केलं. मला वाटलं, सूनबाईची शान वाढेल."

जाऊबाई त्यांच्याकडे वळल्या. "बाबा, करवत घ्या."

विमानाचा बाद झालेला भाग कापायचाच असतो, म्हणजे तो चुकूनही कुठे बसवला जात नाही. सासऱ्यांनी पिन शिकंजात आवळली आणि स्वतःच्या हाताने कापायला घेतली. कठीण पोलाद ते, पाती मोडत होती, म्हातारा घामाघूम. मला जाऊबाईंचा असा राग आला म्हणून सांगू! चारचौघांत सासऱ्यांना असं करायला लावतात? शेवटी दोन चमकते तुकडे बाद मालाच्या लाल पेटीत पडले.

तपासनीस बाई वाकून त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. "चांगल्या पिना आम्हाला सगळेच दाखवतात," त्या म्हणाल्या. "दुसरा नमुना करा. मी पुन्हा येते."

त्या आल्या, नमुना पास झाला आणि ऑर्डर मिळाली. मागची शेड बंद व्हायची सोडून शेजारी आणखी एक बांधावी लागली! लाल पेटीची किल्ली सासऱ्यांकडे दिली. आता कोणी हातमोज्याशिवाय पिनेजवळ गेलं की ते असे कडाडतात की तोफेने शिकवणी लावावी.

पहिला खोका मीच भरला. सगळी शेड भोवती गोळा झाली. सासरे ओळीने ठेवलेल्या त्या राखाडी पिनांकडे बघत होते. हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले.

"कशा दिसतात, बाबा?" जाऊबाईंनी विचारलं.

"कळकट!" सासरे छाती काढून म्हणाले. "एकदम कळकट. लाव झाकण."

आणि आमची तोफ सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.