फळीवरच्या सहा खेपा

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या आमच्या गावी, इतवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुठलंही काम अडलं की लोक आधी ओट्यावर बसून त्यावर बोलतात, मग व्हॉट्सॲपवर फोटो टाकतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "बाईंना सांगा." बाई म्हणजे मी. जन्मभर मराठी शाळेत शिकवून रिटायर झालेली, घरात एकटी आणि तोंडाने फटकळ. काम सगळ्यांना हवं असतं, नाव कुणालाच नको असतं. दुकानदाराला वाटतं, उद्या आपलीच पायरी रस्त्यात आली म्हणून नोटीस येईल. नोकरीवाल्याला बदलीची धास्ती. पार्षदाशी, म्हणजे नगरसेवकाशी, बिघडवायचं नसतं, कारण पुढच्याच महिन्यात त्याच्या घरी लग्नाला जायचं असतं. मला ना दुकान, ना बदली. त्यामुळे माझा मोबाइल नंबर हाच गल्लीचा नंबर झाला होता, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पाइप टाकायला गल्ली खोदली. गल्लीच्या तोंडापासून चार घरं आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा चर, कमरेइतका खोल. पाइप पडला, माणसं निघून गेली, चर तसाच राहिला. कुणीतरी त्यावर एक लाकडी फळी टाकली. मुलं तिच्यावरून पळत जात, बायका साडी सावरून जात. गाड्या अलीकडेच उभ्या राहत. बहुतेकांना तेवढीच अडचण होती.

माझ्या समोरच्या भाऊंची गोष्ट वेगळी होती. भाऊ मूळचे महाराष्ट्रातले, कागद कारखान्यात नोकरीला म्हणून इकडे आले आणि रिटायर झाल्यावर इथेच घर घेऊन राहिले. त्यांच्या किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातातली शीर ऑपरेशन करून धमनीला जोडलेली होती. तिथे बोट ठेवलं की कातडीखाली सतत खरखर जाणवायची. "ही चालू आहे तोवर मी चालू आहे," असं ते एकदा माझं बोट तिथे ठेवून म्हणाले होते. त्या हाताने काही उचलायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, तो कुणी ओढायचा नाही. आणि आठवड्यातून दोनदा वहिनी या माणसाला त्या फळीवरून नेत. डावा हात छातीशी धरलेला, उजवा वहिनींच्या खांद्यावर. मी खिडकीतून बघायची. ते पलीकडे पोचेपर्यंत माझ्या हातातलं काम थांबलेलं असायचं.

आमच्या राज्यात फोनवर तक्रार नोंदवायची सोय आहे. एका साहेबाने काम केलं नाही की तक्रार वरच्या साहेबाकडे जाते, आणि ती बंद करायची तर तक्रार करणाऱ्यालाच फोन करून विचारतात, आप संतुष्ट हैं? तुम्ही हो म्हणालात की संपलं. मी तक्रार केली. दोन महिन्यांत ती तिसऱ्या पायरीवर चढली. तोवर त्या साहेबांपैकी कुणी मला ओळखतही नव्हतं. तिसरी पायरी लागली आणि फोन सुरू झाले. सकाळी एक, जेवताना एक, दुपारी डोळा लागला की एक. सगळे अदबीने बोलत आणि सगळ्यांचं मागणं एकच, मैडम, आप पहले शिकायत बंद कीजिए, काम तो हो ही जाएगा. मी म्हणायची, पहले काम. मग गल्लीतलेच येऊ लागले. ते म्हणतायत की बंद केली की लगेच भरतो, बाई, कशाला ताणता? ज्यांनी मला पुढे केलं, तेच आता माझ्यामुळे काम अडलं म्हणत होते. ओट्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. संताप यायचा मला. रात्री झोपताना मी मनातल्या मनात एकेकाला झापून घ्यायची.

वहिनी मात्र एका अक्षराने काही म्हणाल्या नाहीत. रिक्षाकडे जाताना त्या माझ्या खिडकीकडे बघून म्हणायच्या, "येते बरं का बाई." परत आल्या की, "आलो." एवढंच.

मग एका सोमवारी दाराशी तो आला. तिशीतला, डोक्याला हेल्मेट, हातात मावा जिलेबीचा पुडा. मी विचारायच्या आत वाकून पाया पडला. "बाई, ओळखलं का? जैनाबादहून यायचो, सायकलवर. तुम्ही मला पुढच्या बाकावर बसवायच्या." मी ओळखलं. गणितात कच्चा, अक्षर मोत्यासारखं. पाइपलाइनच्या ठेकेदाराकडे आता तो इंजिनिअर होता. मराठी शाळेत आता मुलंच उरली नाहीत, बाहेर सगळे मला मैडम म्हणतात. 'बाई' अशी हाक गल्लीबाहेरच्या माणसाकडून ऐकून किती वर्षं झाली होती. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मी चहा टाकला. त्याने सगळं सांगितलं. वरून ओरडा बसतोय, तक्रार बंद झाली नाही तर त्याला इथून काढून लांब देडतलाईकडच्या साइटवर टाकणार होते, आणि घरी दोन महिन्यांचं बाळ. गल्लीच्या तोंडाशी त्याने सकाळीच मुरमाची ट्रॉली उतरवून घेतली होती. मी दारातून वाकून बघितलं. मुरूम खरंच होता.

तो म्हणाला, "बाई, आज फोन येईल, तुमी फक्त एक बार हां बोलून द्या. परवापर्यंत चर भरला नाही तर माझं नाव बदला."

फोन आला तेव्हा तो माझ्यासमोर बसला होता, बशीत चहा ओतून. शाळेत आम्ही शिकवायचो की घरी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. पलीकडच्या मुलीने विचारलं, आप संतुष्ट हैं? मी त्याच्याकडे बघितलं. तो बशीकडे बघत होता. मी म्हटलं, हां, संतुष्ट हूँ. तेहेतीस वर्षं पोरांच्या खोटं बोलण्यावर पट्ट्या मारल्या, आणि स्वतः मात्र किती सहज बोलून गेले. तो जाताना पुन्हा पाया पडला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. भाऊ फळीवरून गेले. परवा उलटला, शुक्रवार आला, भाऊ फळीवरून गेले. मुरूम तिथेच होता, पोरं त्यावर घसरगुंडी खेळत होती. मी त्याला फोन केला. मजूर गावी गेलेत म्हणाला. पुढच्या आठवड्यात फोन उचलेनासा झाला. मी पुन्हा तक्रार नोंदवली तेव्हा कळलं की ती नवी धरली जाते, पुन्हा पहिल्या पायरीपासून. दोन महिन्यांचं चढणं मी एका शब्दात खाली आणलं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. वहिनी खिडकीकडे बघून "येते बरं का" म्हणायच्या आणि मी पडद्याआड व्हायची. सांगायचं ठरवून मी दोनदा त्यांच्या घरी गेले, आणि दोन्ही वेळा भाजीचे भाव बोलून परत आले.

तिसऱ्या शुक्रवारी फळी हलली. आदल्या दिवशी कुणीतरी मोटारसायकल तिच्यावरून काढली होती, त्याने एक टोक सरकलं होतं म्हणे. मी खिडकीतच होते. भाऊंचा पाय घसरला, वहिनींनी त्यांना कंबरेला धरलं, पण माणूस पडताना हात पुढे टाकतोच. त्यांनी डावा टाकला. चराच्या काठावर आपटला. मी धावत गेले तेव्हा ते काठावर बसले होते. खरचटण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटावर ठेवलं होतं आणि ते बोट काही केल्या उचलत नव्हते.

"बाई, तुम्ही बघा बरं," ते म्हणाले. "मला खरखर लागत नाहीये."

मी बोट ठेवलं. कातडी गरम होती. खाली काहीच नव्हतं.

दवाखान्यात डायलिसिससाठी त्यांच्या मानेत नळी घातली. हाताचं बघू, नव्याने करता आलं तर करू, म्हणाले. इकडे रविवारी सकाळी मजूर आले आणि दुपारपर्यंत चर भरून, वर दाबून, रस्ता सपाट केला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तो इंजिनिअर लांब उभा होता. माझ्या दाराकडे त्याने बघितलं नाही, मीही त्याला हाक मारली नाही.

आठवड्याने फोन आला. काम झालंय, आप संतुष्ट हैं? मला वाटलं, या वेळी मी एकटीने उत्तर देऊ नये, ज्याचा रस्ता त्याने द्यावं. होल्ड करा म्हटलं आणि समोर गेले. भाऊ पलंगावर टेकून बसले होते, मानेला पट्टी. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावला. काय चाललंय ते सांगितलं. भाऊ कारखान्यातले शिस्तीचे माणूस, त्यांनी फोनकडे तोंड करून नीट सांगितलं, रास्ता बन गया है.

पलीकडची मुलगी आपलं काम करत होती. ती म्हणाली, "मैडम, इसी रास्ते पर आप पहले भी संतुष्टि दर्ज करा चुकी हैं. तो दूसरी शिकायत क्यों की थी?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. वहिनी ओट्याशी कणीक मळत होत्या, त्यांचे हात थांबले.

"कधी?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं, मुरूम पडला त्या सोमवारी. एक विद्यार्थी आला होता.

वहिनींनी कणकेच्या बोटांवर मोजलं. मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार.

"म्हंजे सहा खेपा," त्या भाऊंकडे हात करून म्हणाल्या. "सहा खेपा मी यायले त्या फळीवरून नेलं."

फोनमधून विचारणा झाली, मैडम, हाँ या ना? मी म्हटलं, हाँ. रस्ता झालाच होता. मी फोन घेऊन घरी आले.

शुक्रवारी रिक्षा थेट त्यांच्या दाराशी आली. मी खिडकीत उभी होते, पडदा बाजूला करून. वहिनींनी भाऊंना बसवलं, पट्टी नीट केली, स्वतः बसल्या. रिक्षा त्या सपाट मुरमावरून एकही धक्का न बसता निघून गेली. वहिनींनी खिडकीकडे बघितलं नाही.