मालूची धाकटी जाऊ

रोहा तालुक्यातल्या खांब गावाजवळच्या वाडीत मालू आणि तिची धाकटी जाऊ सुरभी शेजारीशेजारी राहत. दोघी धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटदाराकडून पॅकिंगच्या कामाला होत्या. कंपनीची बस त्यांना हायवेवरून न्यायची.

लॉकडाऊननंतर मालाला उठाव राहिला नाही. कंपनीने काटकसर सुरू केली. कायमच्या लोकांचं काही गेलं नाही, कंत्राटवाल्यांची बस तेवढी बंद झाली.

सुरभीच्या भावाने तिला आपली जुनी स्कूटी दिली. मालूला भाऊ नव्हता.

"जाऊबाई, बसा मागं," सुरभी म्हणाली.

"नको गो. तुजी गाडी, तू जा."

मालू टमटमने जाऊ लागली. टमटम भरल्याशिवाय सुटत नसे. पुढे माणसं कमी करायची ठरली, तेव्हा उशिरा येणाऱ्या बायका आधी गेल्या, त्यांत मालूही गेली. मागे बसली असती तर काम टिकलं असतं, हे मालूला कळत होतं. म्हणूनच स्कूटीचा आवाज आला की तिच्या अंगाची आग व्हायची.

ती लोकांच्या शेतावर वाल काढायला मजुरीने जाऊ लागली. तेही काम रोज नसे. सुरभीकडे मासळी तळल्याचा वास आला की मालू खिडकी लावून घ्यायची.

एकदा सुरभी पाठ धरून तिच्या ओट्यावर बसली. "चौघींचं काम दोघी करतो, जाऊबाई. बोललं तर म्हणतात, बाहेर बायका उभ्या हायत."

दमायला तरी मिळतंय हिला, मालूच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने रोह्याला जाऊन कंत्राटदार कमळाकरला गाठलं. "कमी हजेरीत येते. दिवसाचे पैसे कमी द्या. घेता?"

त्याने घेतलं. सुरभीच्या शेजारीच गोणी शिवताना पहिले काही दिवस मालूला फार बरं वाटलं. मग पगार झाला. सगळ्याच बायकांची हजेरी खाली आली होती. कुणी विचारलं तर कमळाकर मालूकडे बोट दाखवायचा, "ही करते की एवढ्यात."

सुरभी संध्याकाळी दारात आली. "तुमी असं का केलंत?"

"तुला सगळं हाय," मालू म्हणाली.

"काय हाय? पेट्रोल परवडत नाय आता."

पुढच्या आठवडी बाजाराला स्कूटी विकली गेली. आता दोघी एकाच टमटममधून जातात. सुरभी बोलत नाही. मालूही नाही. मात्र सुरभीला कडेची, वाऱ्याची जागा मिळाली, तर ते मालूच्या लगेच नजरेत येतं.