हसून नो प्रॉब्लेम

पडवीत पोर नव्हती. भातुकली सांडलेली, एक चप्पल उंबऱ्याजवळ, आणि माझी तीन वर्षांची पोर कुठेच नाही. तव्यावर घावन करपत होतं. मी न्हाणीत बघितलं, माडांखाली बघितलं, मग विहिरीत.

सासूबाई ओरडल्या, "पोर खंय आसा गो?"

पाहुण्यांच्या खोलीला कुलूप होतं. ते बघितलं आणि मला सकाळचं आठवलं.

आम्ही घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मी आठवीत शाळा सोडलेली, पाहुणे इंग्रजीत बोलले की मला घाम फुटतो. जाऊ बारावी झालेली, ती हसायची. "सासवेक उलट बोलतस, आणि पावण्यांक भितस? कायय इचारल्यानी तरी हसान सांगूचा, नो प्रॉब्लेम. पावणे खूश, तू सुटलंस."

दोन वर्षं मी तेच केलं. गरम पाणी, नो प्रॉब्लेम. उशिरा जेवण, नो प्रॉब्लेम. काही कळलं नाही, मग तर नक्कीच.

त्या सकाळी पाहुणीबाईने पोरीच्या गालाला हात लावून काहीतरी विचारलं. मला बीच एवढंच कळलं. वाटलं, ते आपले फिरायला जातायत. मी हसले. नो प्रॉब्लेम.

मी अनवाणी धावले. सुरूंच्या झाडांतून बाहेर आले तर रापण ओढणारी माणसं जाळं सोडून एका जागी जमलेली. मधे माझी पोर. लाटेने बाईच्या हातातून ओढून नेलेली. एका काकांनी तिला पालथी धरली होती. पाणी ओकली. ओठ निळे. रडलीसुद्धा नाही.

मालवणला दवाखान्यात तीन दिवस काढले. पोर वाचली. पण अजून आंघोळीला तांब्या उचलला की माझा गळा आवळते, श्वास धरून ठेवते.

दवाखान्यातच, खाटेशी बसून जावेने मला नवीन शिकवलं. या वेळी हसली नाही. "कळाक नाय तर वन मिनिट म्हण आणि माका साद घाल. नो प्रॉब्लेम कधी, तर कोणी थँक्यू म्हटल्यान, सॉरी म्हटल्यान तर. इट्स ओकेपण चलता."

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. डोळे सुजलेले. माझे दोन्ही हात धरून सॉरी, सॉरी करत राहिली.

जावेने कोपराने ढोसलं. "आता सांग गो. हीच ती येळ."

शब्द तोंडापर्यंत आला होता. तिने विचारून नेलेलं, न समजता हो म्हणणारी मीच, हेसुद्धा कळत होतं. पण पोर माझ्या कुशीत खोकत होती, खोकताना तिचं सगळं अंग हलत होतं. मी हात सोडवून घेतले. बाई थोडी थांबली, मग तशीच गेली.

जाऊ म्हणते, तेवढे दोन शब्द सांगायला हवे होते. तुम्ही असता तर सांगितले असते?