वाळवीचा शेरा

वाळवी लागलीच नव्हती.

एवढं एक वाक्य बोलायला मला नाना जाईपर्यंत वेळ लागला.

आज सकाळी धुळ्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, नाना गेले." मी इथे जळगावला, पिंप्राळ्यात गॅससमोर उभी. दूध उतू गेलं, मी तशीच बघत राहिले.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नाना माहीत नाहीत, म्हणून सांगते.

धुळ्यात आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक छोटी वेधशाळा होती. एक घुमट, एक जुनी दुर्बीण, आणि शेजारच्या खोलीत तिचं ग्रंथालय. नाना तिथले ग्रंथपाल. मी त्यांच्या हाताखाली टेम्पररी क्लार्क. पंच्याऐंशी-शहाऐंशीचे दिवस.

नानांचा जीव एका रजिस्टरमध्ये. दाखल नोंदवही.

आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर, तारीख, नाव आणि 'कुठून आलं' हा रकाना. बाकीचे लोक तिथे 'भेट' लिहून मोकळे होतात. नाना लिहायचे, 'पारोळ्याचे निवृत्त मास्तर, स्वतः सायकलवर घेऊन आले. पाणी पिऊन गेले.'

"नाना, पाणी प्यायलेलं कशाला लिहिता?"

"प्यायले ना? मग."

असा माणूस.

माझ्या गावच्या, पहूरच्या, एका आबांनी खळ्यात उभं राहून पाहिलेल्या ग्रहणांची हाताने लिहिलेली वही दिली होती. जन्मभराची ग्रहणं. फडक्यात बांधून आणली होती. नानांची नोंद: 'देताना दोनदा परत मागितली. मग दिली.'

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक नंबर चुकला. मी ब्लेडने खरडायला बसले. नानांनी ब्लेड काढून घेतलं.

"खाडाखोड नाही करायची, ताई. चुकलेलं दिसलं पाहिजे. एक रेघ मारा, वर बरोबर लिहा, खाली सही करा."

इतकंच. रागावले नाहीत. त्यांना रागावता यायचंच नाही, ही पण एक पंचाईतच.

मग नव्वद साल उलटलं आणि सगळ्यांना कॉम्प्युटर क्लासचं वेड लागलं. संस्थेला गच्चीवरची खोली हवी झाली. दुर्बीण गोडाऊनमध्ये गेली. राहिली पुस्तकं.

चांगलं पुस्तक रजिस्टरमधून असंच काढता येत नाही. कारण लागतं, आणि ते ग्रंथपालानेच लिहावं लागतं. वरून कारण तयार होऊन आलं: 'वाळवीने खराब.'

नाना घरात शुद्ध बोलायचे नाहीत, ऑफिसात मात्र कायम शुद्ध. त्या दिवशी ऑफिसातच अहिराणीवर आले. कपाटातून एकेक पुस्तक काढून संस्थेच्या सेक्रेटरींच्या माणसासमोर धरत होते.

"वाळवी कोठे शे? माले दखाड."

पंधरा दिवस त्यांनी पेनाला हात लावला नाही.

मग सेक्रेटरींनी मला बोलावलं. "बाई, तुमच्या पर्मनंटच्या ऑर्डरवर माझी सही बाकी आहे. नाना तुमचं ऐकतात."

दोन मुलं, नवऱ्याची मिल बंद पडलेली. ही कारणं खरी आहेत. पण कारणंच आहेत.

मी नानांकडे गेले. काही बोलले नाही, नुसती रडले. न बोलता रडले म्हणजे मी मागितलं नाही, असं नाही होत. मला चांगलं कळत होतं मी काय करते आहे.

नाना म्हणाले, "रडू नको पोरी. बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल.

आणि लाल शाईचं पेन उघडलं.

तीन दुपारी लागल्या. 'वाळवीने खराब.' खाली पुन्हा 'वाळवीने खराब.' मी म्हटलं, नाना, नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहा. म्हणाले, "नाही. एकेकाचं नाव वाचून काढतो. तेवढं तरी."

पहूरच्या आबांच्या वहीशी थांबले. मी म्हटलं, ही तरी घरी न्या, कोण बघतंय.

"संस्थेची आहे ती," म्हणाले. आणि लिहिलं.

पुस्तकं रद्दीच्या टेम्पोत गेली. मला ऑर्डर मिळाली. नानांनी महिन्याभरात नोकरी सोडली.

कुणी कारण विचारलं की सांगायचे, "डोळे गेले हो आता." डोळे ठणठणीत होते त्यांचे.

पुढे काही वर्षांनी पुण्याहून एक अभ्यासक आले, नेमकी ती ग्रहणांची वही शोधत. मी रजिस्टर काढून दिलं. नोंद सापडली तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांनी लाल शेरा वाचला.

"अरेरे. वाळवी का?"

मी म्हटलं, "हो ना. आमच्याकडे वाळवी फार."

चहासुद्धा पाजला त्यांना.

नाना धुळे स्टँडवर भेटायचे अधूनमधून. "पोरं काय करतात?" एवढंच विचारायचे. मी एकदा सुरुवात केली, "नाना, ते त्या वेळी..." ते म्हणाले, "गाडी लागली बघा तुमची." जळगावची गाडी लागली होती खरी. मी चढले.

माफ केलं होतं का, माहीत नाही. विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

आज दुपारी त्यांच्या अंगणात बुद्धवंदना झाली. मी मागे उभी होते. त्यांच्या सूनबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमचे मामंजी जन्मात कधी खोटं बोलले नाहीत." मला तिथे उभं राहवेना.

ते रजिस्टरही आता कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. कॉलेजात विचारलं, नव्या लोकांना वेधशाळा होती हेच माहीत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. याने काही परत येत नाही, कळतं मला.

खाडाखोड करत नाही, नाना. तुमचा शेरा तसाच राहू दे. त्यावर माझी एक रेघ.

वर लिहिते:

पुस्तकं चांगली होती. पहूरची वहीसुद्धा. ग्रंथपालांनी खोटं लिहिलं नाही, त्यांच्याकडून लिहून घेतलं.

लिहून घेणारी मी.

सही: सुनंदा, क्लार्क.

नमो बुद्धाय, नाना.