झेंडूचा हार आणि तापलेली गाडी

बाळांनो, मी आजोबांची गाडी विकणार आहे, असं तुमच्या बाबाने तुम्हाला फोनवर सांगितलं म्हणे. म्हणून खरं काय घडलं ते आजच लिहिते.

दसऱ्याला मी गाडी धुतली, पूजा केली आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा जाड हार बांधला. हार सुकेपर्यंत काढायचा नाही, ही आपल्या घरची रीत. दोन दिवसांनी मुलुंडहून भांडुपला जाताना तापमानाचा काटा वर चढला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि मेकॅनिकला बोलावलं.

त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "आजी, इंजिनची वाट लागली. विकून टाका ना, या वयात कशाला?"

"वय माझं बघतोस की गाडीचं? बॉनेट उघड आधी."

गाडी थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण मात्र मी त्याला उघडू दिलं नाही. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, हे लक्षात ठेवा. मग दिसलं की हाराने जाळी झाकली होती आणि रेडिएटर पाकळ्यांनी बुजला होता. आत हवाच जात नव्हती. चूक माझीच होती, ती मी तिथेच कबूल केली. हार सोडला, पाकळ्या ब्रशने झाडल्या, कूलंट भरलं आणि गाडी चालवत घरी आणली.

हे कळल्यावर तुमचा बाबाही गाडी विकून टाक म्हणाला, तेव्हा त्याला सांगितलं, "हार कुठे बांधू नये ते मी शिकले. गाडी कधी सोडायची ते तू नको शिकवूस."

गाडी अजून चालते आणि मीच चालवते.