गोबर गॅसवरचा चहा

गोबर गॅसला सरकारी अनुदान आहे आणि त्याला संडास जोडला तर जास्तीचं, ही बातमी आमच्या यजमानांनी देवळीहून आणली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. या माणसाला एकदा पटलं की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मी म्हटलं, गुरं चार आहेत, शेण पुरते, संडास कशाला मधात? "जाळ सगळ्यायले शुद्ध करते," असं मला ऐकवून त्यांनी दुसऱ्याच दिवशी खड्डा खणायला घेतला.

गॅस झकास चालला, हे कबूल करते. भांडी काळी होईनात, डोळ्यांचं पाणी थांबलं. वास म्हणाल तर कसलाच नाही.

आमचं गाव भाजीपाल्याचं. दुपारी चार बायका मेथी आणि सांभार घेऊन माझ्या ओसरीत यायच्या. (सांभार म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडच्यांसाठी सांगते.) बाजारासाठी जुड्या बांधायच्या, आणि मी दोनदा चहा करायची. संडास जोडला तशी एकीला उपास निघाला, दुसरीला पित्त. मग चौघी गल्लीच्या टोकाच्या घरी बसू लागल्या. भांडण नाही, तंटा नाही. रस्त्यात भेटल्या की हसायच्या, तिकडे चहालाही बोलवायच्या. मी दोनदा गेले आणि सोडलं. ज्यांनी माझा चहा टाकला त्यांचा मी काऊन प्यावा?

जीपमधून अनुदानाचे साहेब आले, शेगडी पेटवून पाहिली, 'नमुना घर' म्हणाले. मी चहा ठेवायला उठले तर त्यांनी घड्याळ पाहिलं. यजमानांना त्याचं काही वाटलं नाही. ते दिवसभर वावरात, मुलं शिकायला वर्ध्याला, दुपारी ओसरीत मी एकटी. कोणीतरी येऊन माझ्या हातचा एक कप प्यावा, एवढंच मला हवं होतं.

अशी तीन वर्षं गेली. एका श्रावणात पावसाची झड लागली आणि समोरच्या मावशी, त्या चौघींतल्याच, एकट्या राहायच्या, तापाने पडल्या. मी गेले तर सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. चुलीजवळची पऱ्हाटी, कपाशीच्या त्या काड्या, भिजून चिंब. मी म्हटलं, "मावशी, घरून चहा आणते, दोन मिनिटांत."

त्यांनी डोळे मिटले. "राहू दे पोरी. मले भूकच नाई."

माझ्या शेगडीपासून तीस पावलांवर ती बाई उपाशी पडली होती. मला राग आला, खूप आला. पण टाकून कशी जाणार? त्यांची एक जुनी टोपली मोडून चुलीत घातली आणि फुंकत बसले. नाकातोंडात धूर गेला. कितीतरी वेळाने चहाला उकळी आली. मावशींनी बशीतून सगळा संपवला.

"तुह्या हातचा चहा लय दिवसानं भेटला," त्या म्हणाल्या. "आमी सगळ्या तुही वाट पाह्यतो. तू यायचं काऊन सोडलं?"

मी बशी विसळून ठेवली. अंगणात एक चूल मांडली असती तर भागत होतं. पण नमुना घरात चूल नको हे यजमानांचं, आणि मी का नमू हे माझं.

झड उघडल्यावर कोणाला न विचारता मी चूल मांडली. धूर गल्लीच्या टोकापर्यंत दिसावा म्हणून मुद्दाम ओली लाकडं घातली. मावशींना तोवर लेक पिपरी मेघ्याला घेऊन गेला होता. बाकीच्यांना धूर दिसला असणार. पण कोणाच्याही घरी दुपारी चूल पेटू शकते, ती आपल्यासाठी आहे हे त्यांना कोण सांगणार? टोकापर्यंत जाऊन एवढं बोलायचं होतं. आठ दिवस मी चार कप मांडले आणि ओसरीतून हलले नाही. नवव्या दिवशी आम्हा दोघांचा चहा परत गॅसवर ठेवला.